सर्व्हर घेण्याआधी वायर सोलून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुर्भे एमआयडीसीत खोकी छापायचा गाळा, खाली मशिनं, माळ्यावर ऑफिस, एकूण आठ कॉम्प्युटर. पार्टीचं आर्टवर्क पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्यामुळे कधीकधी जुन्याच फाइलवरून प्लेट निघते. वेंडरनं टॉवर सर्व्हर, विंडोज सर्व्हरचं लायसन्स आणि वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) असं कोटेशन दिलंय. घ्यावं का?

नका घेऊ. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची ही कामं मी बरीच वर्षं करतोय. आठ माणसांनी फाइली वाटून वापरायच्या एवढंच काम असेल तर दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फाइली ठेवायची छोटी पेटी, पुरतो. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप, दोन्ही कंपन्यांचे चालतील. त्यात नॅससाठी बनवलेल्या ४ टीबीच्या दोन डिस्क टाका. रेड १ (डिस्क जोडीनं चालवायची पद्धत) लावलं की दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं आणि वापरायला ४ टीबीच मिळते. सीएमआर आणि एसएमआर या डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती आहेत; डिस्क घेताना ती सीएमआर आहे का एवढं विचारा. एसएमआर प्रकारच्या डिस्क रेडमध्ये, विशेषतः एक डिस्क बदलून पुन्हा जुळवताना, फार त्रास देतात. वाचलेले पैसे वायर आणि बॅकअप या दोन गोष्टींवर घाला.

वायरचं आधी सांगतो, कारण ‘सर्व्हर स्लो आहे’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडतं. आत्ता टाकलेल्या केबलचा एक तुकडा घ्या आणि आतली एक तार ब्लेडनं हलकेच खरवडा. पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे, बॉक्सवर कॅट ६ छापलेलं असलं तरी. अशी तार क्रिम्प करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) तुटते आणि काही महिन्यांनी सांध्यात ढिली पडते. शुद्ध तांब्याचीच मागा.

दुसरी तपासणी विंडोजमध्येच होते. नेटवर्कच्या स्टेटसमध्ये लिंक स्पीड बघा. स्विच (सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथं जोडतात ती पेटी) गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, असून तिथं १०० दिसत असेल तर आठपैकी एखादी तार बसलेली नसण्याची शक्यता मोठी. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून नेट चालू दिसतं आणि दोष लपून राहतो. फरक केवढा पडतो बघा: २ जीबीची आर्टवर्क फाइल १०० वर उघडायला साधारण तीन मिनिटं, गिगाबिटवर वीसेक सेकंद. तीन मिनिटं थांबावं लागलं की डिझायनर फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून ठेवणारच, आणि जुन्या फाइलवरून प्लेट निघायची सुरुवात तिथूनच होते.

खाली मशिनांच्या मोटारींच्या पॉवर केबलबरोबर एकाच पाइपातून डेटाची वायर नेऊ देऊ नका. वायरमन सोयीचं म्हणून हमखास तसंच करतो. स्विचपासून कॉम्प्युटरपर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत हवी. शॉप फ्लोअरवर वायफाय लागत असेल तर राउटर न जोडता अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारं यंत्र) जोडा. कुणीतरी घरचा जुना राउटर आणून स्विचमध्ये खुपसतो, तो स्वतःचे वेगळे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटायला लागतो आणि निम्म्या ऑफिसला नॅस दिसेनासा होतो. नॅसचा आयपी राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि पाहुण्यांचे मोबाइल वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

आता बॅकअप. रेड १ म्हणजे बॅकअप असं वेंडर सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. एक डिस्क मेली तर रेड वाचवतं. पण कुणी फोल्डर डिलीट केलं, किंवा एका कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर आलं आणि त्यानं शेअर्ड फोल्डर कुलूपबंद केलं, तर तीच घाण त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. म्हणून स्नॅपशॉट (फाइली त्या क्षणी जशा होत्या तशी मागे जाता येणारी नोंद) घेणारं मॉडेल घ्या आणि दिवसातून दोन-तीनदा स्नॅपशॉट लावा. शिवाय दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून: एक नॅसला, दुसरी तुमच्या घरी. गाळ्यात पाणी शिरलं किंवा आग लागली तर घरची डिस्कच कामाला येईल. महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून, उघडून बघा.

टॅलीचा डेटा मी नॅसवर ठेवत नाही. एका विंडोज कॉम्प्युटरवर ठेवा, बाकीचे वायरनं जोडा. वायफायवर टॅली नकोच. एन्ट्री चालू असताना कनेक्शन तुटलं तर डेटा खराब होण्याची भीती असते. रात्री टॅलीतूनच बॅकअप काढून तो नॅसवर टाका, उघड्या फाइली नुसत्या कॉपी करू नका. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. तो कसा पाळायचा ते सीएंना विचारून घ्या.

घरून फाइली बघायच्या असतील तर राउटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर आणू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरनं असे उघड्यावर ठेवलेले क्यूनॅप गाठूनच लोकांचा डेटा अडकवला होता. टेलस्केलसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, सुरक्षित रस्ता) वापरा. ब्रॉडबँडवाल्यानं स्वतंत्र पब्लिक आयपी दिला नसेल तरी हा व्हीपीएन चालतो.

यूपीएस घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे ना ते बघा आणि ती केबल नॅसला लावा. पावसाळ्यात लाइट गेली आणि बॅटरी उतरायला लागली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो.

फोल्डर जास्त करू नका. ‘चालू काम’, ‘मंजूर’, ‘अकाउंट्स’, बस. ‘मंजूर’मध्ये लिहायची परवानगी एकाच माणसाला द्या आणि प्लेटवाल्यानं फक्त तिथूनच फाइल उचलायची, तीही वाचण्यापुरती. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, म्हणजे कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करता येतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मात्र वेंडरकडेच राहू देऊ नका, तुमच्याकडेही हवा.

माळ्यापासून खालच्या शेवटच्या कॉम्प्युटरपर्यंत वायर किती मीटर पडेल आणि मोटारी कुठल्या बाजूला आहेत ते कळवा, म्हणजे स्विच कुठे बसवायचा ते सांगतो.