फायरमन व्हायचंय? आधी पगार कोण देणार ते बघा

ताई, पत्र मिळालं. मुलाला बारावी सायन्सला 54 टक्के, राहायला बदलापूर, त्याच्या डोक्यात फायर ब्रिगेड सोडून दुसरं काही नाही, आणि एक क्लासवाला म्हणतोय की एक वर्षाचा फायर अँड सेफ्टी डिप्लोमा करा, नगरपालिकेत नक्की लागेल. पैसे भरू का, असं विचारलंय तुम्ही. आत्ता तरी भरू नका.

असा डिप्लोमा कंपनीत, मॉलमध्ये, साइटवर सेफ्टीच्या नोकरीला चालतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण महापालिकांच्या फायरमनच्या जाहिराती काढून वाचा, बहुतेक ठिकाणी दहावी पास आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स असंच लिहिलेलं असतं. हे केंद्र सांताक्रूझला कलिन्यात आहे, सरकारी आहे. दुसरा सर्टिफिकेट घेऊन गेला तर कागद तपासतानाच बाहेर, मग पोरगा कितीही जोरात पळू दे. मुंबईचं वेगळं, त्यांनी 2022-23 च्या 910 जागांच्या भरतीत बारावी 50 टक्के मागितली होती, ट्रेनिंग ते स्वतः देतात, पण मुलांसाठी उंची 172 सेंमी. बाकी बऱ्याच ठिकाणी 165 वर चालतं.

आता तुमच्या पट्ट्याचं सांगते, कारण घोळ इथेच होतो. आपल्याकडे फायर ब्रिगेड राज्याची एकच अशी नाही, ते महापालिका-नगरपालिकांचं काम आहे. म्हणजे बदलापूरची वेगळी, अंबरनाथची वेगळी, कल्याण-डोंबिवलीची वेगळी, एमआयडीसीची स्वतःची स्टेशनं, पनवेलकडे गेलात तर सिडकोची. डोंबिवली एमआयडीसीत मे 2024 ला केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा आजूबाजूच्या शहरांतूनही बंब आले, आगीवर सगळे एकत्रच लढले, पण प्रत्येकाची भरती वेगळी, पगार वेगळा आणि कायम आहे की ठेक्यावर तेही वेगळं. उपनगरात लोकसंख्या झपाट्याने वाढली, टॉवर उठले आणि मंजूर पदं मागेच राहिली, मग काही ठिकाणी ठेकेदारामार्फत मुलं घेतात. तो मुलगाही तोच होज (पाण्याचा पाइप) धरतो, त्याच धुरात शिरतो, आणि महिन्याच्या शेवटी हातात कितीतरी कमी येतं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. म्हणून जाहिरात आली की पहिलं बघायचं, नेमणूक कोण देतंय आणि पद मंजूर आहे का.

कामाबद्दलही त्याच्याशी बोला. वर्दी (मदतीचा कॉल) आली म्हणजे दरवेळी आगच असते असं नाही, झाड पडलंय, लिफ्टमध्ये आजी अडकल्यात, पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी सोसायटीत शिरलंय, मांजात घार लटकलीय, सगळ्याला हेच जातात. गाडीवर चालक, लिडिंग फायरमन आणि दोन-तीन फायरमन, सुट्ट्या आणि रिकामी पदं धरली तर कधी तेवढेही नसतात. गणपती-दिवाळीला घरी असेलच असं धरू नका.

108 अॅम्ब्युलन्सचं पण विचारलंय तुम्ही. ती फायर ब्रिगेडचा भाग नाही. आरोग्य विभागाची सेवा आहे, 2014 ला 937 गाड्यांनी सुरू झाली, चालवते खासगी कंपनी. आणि बाकी राज्यांत गाडीत टेक्निशियन असतो तसं आपल्याकडे नाही, आपल्याकडे डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि चालवणारा पायलट. त्यामुळे पॅरामेडिकचा कोर्स करून 108 वर लागेन असं त्याने धरू नये. तो कोर्स हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात, कार्डियाक अॅम्ब्युलन्सवर, कारखान्याच्या मेडिकल सेंटरमध्ये उपयोगी पडतो. रक्त बघून डगमगत नसेल आणि बायोलॉजी आवडत असेल तर वाईट नाही, पण ती वाट वेगळी, दोन्हीकडे एकदम पाय नको.

आता या आठवड्यात एवढं करा. उंची आणि छाती नीट मोजून घ्या, घरच्या टेपने नाही, एखाद्या भरती अकॅडमीत किंवा डॉक्टरकडे, छाती साधारण 81 आणि फुगवून 86 मागतात. डोळे तपासा. उंची बसत असेल तर कलिन्याच्या प्रवेशाची नोटीस कधी निघते त्यावर लक्ष ठेवा, तोवर एमएस-सीआयटी उरकून घ्या आणि रोज 800 मीटर पळायला लावा. सोबत बीए किंवा बीकॉमला अॅडमिशन घेऊन ठेवा, पुढे सब ऑफिसरच्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतं तेव्हा अडायला नको. उंची बसली नाही तर मला लगेच कळवा, मग आपण पॅरामेडिकचं नीट बघू.