पार्किन्सन्ससाठी कृमींवर पीएचडी: जर्मनीला यावं का?

तू विचारलंयस, जर्मनीतल्या लॅबमध्ये सी. एलिगन्स या इवल्याशा कृमीवर पार्किन्सन्सचं काम मिळतंय, घरचे म्हणतात ‘जंतांसाठी एवढ्या लांब?’, तर यावं का. ये, पण आधी गाइडला एक प्रश्न विचार. घरच्यांना सांग, 2002 चं वैद्यकाचं नोबेल याच कृमीवरच्या कामाला मिळालंय.

जेमतेम 1 मिलिमीटरचा, वाढवायच्या प्लेटवर स्वल्पविरामाएवढा दिसणारा जीव. चेतापेशी 302, त्यांतल्या डोपामिन हे संदेश नेणारं रसायन बनवणाऱ्या फक्त 8. पार्किन्सन्समध्ये माणसाच्या अशाच पेशी झडतात. अंग पारदर्शक, त्यामुळे चमकणारं प्रथिन घातलं की जिवंत कृमीतच पेशी झडताना दिसते. साधारण तीन दिवसांत नवी पिढी तयार. (शनिवार-रविवारही प्लेट्सचे, हे गृहीत धर.)

पण त्याला पार्किन्सन्स होत नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत साचणारं प्रथिन, अल्फा-सायन्युक्लिन, त्याच्याकडे मुळात नाहीच, माणसाचं जनुक घालावं लागतं. चालीचं तर उलटंच. धडधाकट कृमी जिवाणूंच्या, म्हणजे त्याच्या खाण्याच्या, थरात शिरला की मंदावतो. डोपामिन नसलेला तसाच सरकत राहतो. माणूस मात्र डोपामिन घटलं की मंदावतो. म्हणून विचार: आपण नेमकी कोणती हालचाल मोजणार, आणि काही सापडलं तर उंदरात किंवा रुग्णांच्या पेशींत ते कोण तपासणार? ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर दुसरी लॅब शोध. नीट प्रश्न घेतला तर साधे जीव भरपूर देतात. पिंक1 आणि पार्किन ही पार्किन्सन्सशी जोडलेली जनुकं एकाच साखळीतली आहेत आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) सांभाळतात, हे 2006 मध्ये फळमाशीत दिसलं.

रोजचं काम हाताचं. प्लॅटिनमच्या तारेचं चपटं टोक, त्याला थोडे जिवाणू, त्यावर कृमी चिकटवून उचलायचा. सुरुवातीला एगारला, म्हणजे प्लेटमधल्या जेलीला, भोकं पडतात आणि कृमी नेमके त्यातच घुसून बसतात. मग द्रावणाच्या थेंबात सोडून 30 सेकंदांत किती वेळा अंग वळवतो ते मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण मला आवडतं.

पैशांचं म्हणशील तर करारावर ‘ई13’ ही पगाराची श्रेणी दिसेल, पण बऱ्याचदा पूर्णवेळ पगाराच्या 65 टक्केच. कर आणि विमा त्यातूनच जातात. मुदत किती, हेही वाच. खोली घेताना घरमालक पत्त्याच्या नोंदणीसाठी सही देणार का, हे डिपॉझिट भरण्याआधी विचार. काही जण देत नाहीत, आणि नोंदणीशिवाय टॅक्स नंबरही अडतो.