वर्षाचा हिशोब काडीवरून

नाशिक,
३० डिसेंबर २०२५

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज वाचला आणि नंतर डोळ्याला डोळा लागला नाही. 'बाई, वर्षाचा हिशोब मांडायला बसले, अर्धं पानसुद्धा भरलं नाही,' असं लिहून खाली चार ओळी. राज्यसेवा पूर्व, दोन मार्कांनी गेली. हरिहर किल्ला, अर्ध्यातून परत. नोकरी नाही. सायकल शिकले. आणि सगळ्यात शेवटी, 'सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतताईने माझ्याहून थोडीच मोठी असताना देशासाठी मेडल आणलं होतं.'

याचं उत्तर फोनवर टाइप करण्यासारखं नव्हतं, म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर कागद घेऊन बसले आहे.

तुझा हिशोब खोटा नाही. पण तू घड मोजलेस आणि काडी बघितलीच नाहीस. तू सुरगाण्याची, भात-नागलीच्या घरातली, त्यामुळे द्राक्षाचं जरा सविस्तर सांगते. वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. जानेवारीपासून पुढे जो माल बाजारात जातो तो ऑक्टोबरनंतरच्या कष्टाचा, असं बघणाऱ्याला वाटतं. पण तो घड काडीत येतो कधी? खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या कोंबात, साधारण चाळीस ते साठ दिवसांत. बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्याकडे त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत वेलाला ऊन हवं. ढग बसून राहिले, पाऊस लागून राहिला, तर डोळ्यात घड धरत नाही, नाहीतर तो बाळीवर जातो, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा होतो. मग ऑक्टोबरनंतर कितीही खतं-पाणी करा, जो घड डोळ्यातच नाही तो बाहेर कुठून येणार?

यंदा आमच्या बागेत नेमकं हेच झालं. मे महिन्यातच पावसाने मुक्काम ठोकला. फळछाटणीआधी मी आणि भाऊ काड्या तपासायला घेऊन गेलो. प्रयोगशाळेतला मुलगा डोळ्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. त्याने मलाही बघू दिलं. घड असेल तिथे गाठीगाठींचा एक बारीक ठिपका दिसतो, अगदी द्राक्षाच्या घडाचंच छोटं रूप. आमच्या दहा काड्यांपैकी चार काड्यांत तो होता. भाऊ एक शब्द बोलला नाही. तपासून झालेल्या, आता काही उपयोग नसलेल्या काड्या गोळा करून तो सुतळीने नीट बांधत राहिला.

पुढचे आठ-दहा दिवस मी स्वतःलाच बोल लावत होते. मग वही काढली. निर्यातीसाठी बागेची नोंदणी केली की कोणती फवारणी कधी केली, किती केली, काढणीच्या किती दिवस आधी केली, सगळं लिहून ठेवावंच लागतं. मी त्यात हवामानही लिहिते. इतकी वर्षं गणित शिकवल्यावर आकडा आणि तारीख लिहिल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही. मेच्या पानांवर एकाखाली एक नोंदी होत्या: 'ढग. ऊन नाही.' 'पाऊस, दोन तास.' 'ढग.' 'ढग.' ती पानं उलटता उलटता छातीवरचा दगड उतरला. आणि त्याच वहीत चार पानं पुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'शेंडा मारायला ९ दिवस उशीर.' भाचीच्या लग्नाच्या धावपळीत आम्ही बागेकडे बघितलं नव्हतं, शेंडे खुडून वाढ थांबवली नव्हती, आणि वेल नऊ दिवस नुसता पाल्यावर माजला होता. हे काही ढगांनी केलेलं नव्हतं. वहीने मला एका पानावर सोडवलं आणि दुसऱ्या पानावर धरलं.

म्हणूनच सांगते, वर्षाचा हिशोब आठवणीला विचारू नकोस. डिसेंबरात तिला विचारलं की ती सगळ्यात ताजी जखम दाखवते आणि उरलेले अकरा महिने गिळून टाकते.

तू म्हणशील, बाई, मी कुठे वही ठेवते? अगं, तुझी वही माझ्या कपाटात आहे. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तू लिहून आणलेली सगळी उत्तरं मी फाइलला लावून ठेवली आहेत. रात्री झोप येईना तेव्हा तीच काढून बसले. जूनमध्ये तू जायकवाडीला पाणी सोडण्याच्या वादावर लिहिलं होतंस. सुरुवात 'पाणी म्हणजे जीवन' अशी, तीन पानं, आणि शेवटी तुला काय म्हणायचंय ते तुलाही सापडलेलं नव्हतं. तोच प्रश्न मी नोव्हेंबरमध्ये, काही न सांगता, पुन्हा दिला. यावेळी पहिल्याच ओळीत २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आणि त्यातलं समन्यायी वाटप. दुसऱ्या परिच्छेदात मेंढेगिरी समितीची शिफारस: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचं. त्यानंतर वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सुटलं की निफाडचा बागायतदार काय म्हणतो आणि पैठणचा शेतकरी काय म्हणतो, हे कुणालाही खलनायक न करता मांडलंस. दीड पानात सगळं. माझ्या लाल पेनला त्यात फारसं काम उरलं नाही.

ही काडी आहे, पोरी, आणि हिच्या डोळ्यात घड धरलाय. यंदाच्या पूर्व परीक्षेत हे कुणी विचारलं नाही, खरं आहे. म्हणून ते घडलंच नाही, असं होत नाही.

कविताताईचंही तू असंच घडावरून मोजलंस. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, हे आपल्या जिल्ह्यात शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. पण त्याआधीच्या ज्या सकाळी ती पाय दुखत असताना पळाली आणि बघायला कुणी नव्हतं, त्या सकाळींची बातमी झाली नाही. तू तुझी जूनमधली सकाळ तिच्या मेडलच्या संध्याकाळशेजारी ठेवतेस. ही तुलना मला मान्य नाही.

गोदेला पूर आला की नाशिककर कुठे बघतात? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. १९६९ च्या महापुरात मी सहा वर्षांची होते, तेव्हापासून ऐकते आहे. तो मारुती जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावरून पाणी मोजता येतं. तुलाही मोजायला जागचं न हलणारं काहीतरी लागेल, आणि माझ्या मते ती गेल्या जानेवारीतली तूच आहेस. त्या महिन्यात तू निमाणी स्टँडवर उतरलीस आणि कुठे जायचं ते कळेना म्हणून मी येईपर्यंत पाऊण तास बॅग पायात धरून उभी राहिलीस. खोलीच्या मालकिणीशी भाड्याचं बोलायलाही मला सोबत नेलंस.

आणि ऑगस्टमध्ये काय केलंस? आईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा गावाहून रात्रीच्या गाडीने तिला एकटीने इथे आणलंस. डॉक्टरांशी बोललीस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद, रेशन कार्डाची झेरॉक्स, सगळं धावून धावून जमवलंस. ऑपरेशननंतर अकरा रात्री वॉर्डात फरशीवर चटई टाकून झोपलीस. मी डबा घेऊन आले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या मुलाला तू कोणता फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा ते समजावत होतीस. मी दारातच थांबले आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिले. तुझ्या चार ओळींत हे कुठे आहे? ज्या मुलीला जानेवारीत भाड्याचं बोलता येत नव्हतं, तिने ऑगस्टमध्ये आईला बरं करून घरी नेलं, आणि ती मला लिहिते, पान भरलं नाही!

आता हरिहरचं. तू 'अर्ध्यातून परत' असं लिहिलंस, जणू नापासाचा शेरा. मला तो दिवस तू सांगितलास तसाच्या तसा आठवतोय. उभ्या कातळातल्या त्या पायऱ्या, एकावेळी एकच माणूस मावेल एवढ्या. हाताला धरायला खोबण्या, आणि खोबण्यांत पाणी. वरून उतरणारे अडकलेले, खालून चढणारे अडकलेले. पुढच्या मैत्रिणीचा बूट दोनदा सटकला आणि तू ओरडून म्हणालीस, 'आपण खाली जातोय.' पाच जणी ऐकून मागे वळल्या, दोघी चार दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. इतक्या जणींसमोर, वर पोहोचल्याचा फोटो हातातून जात असताना हे म्हणायला छाती लागते. तुझ्या या वर्षातलं सगळ्यात मोठं धाडस मी यालाच म्हणेन. १८१८ साली इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने हरिहर घेतला, तरी त्या पायऱ्या राहिल्या. कोरड्या दिवसांत निरगुडपाड्याहून पहाटे निघ. त्या तिथेच आहेत.

सायकलीची तर तू जेमतेम दोन शब्दांत बोळवण केलीस. तेविसाव्या वर्षी, गल्लीतली पोरं बघत असताना, गुडघे फोडून घेत सायकल शिकणं आणि महिन्याभरात अशोक स्तंभाच्या गर्दीतून अभ्यासिकेपर्यंत जाणं याची किंमत मला विचार. मी यंदा बासष्टाव्या वर्षी पोहायला शिकले. गोदेकाठी जन्म गेला, पण लहानपणी पूर पाहिल्यापासून रामकुंडाच्या तिसऱ्या पायरीखाली मी कधी उतरले नव्हते. महापालिकेच्या तलावात पहिले नऊ दिवस मी कडेचा पाइप सोडला नाही. शिकवणारी मुलगी तुझ्याहून लहान. दहाव्या दिवशी ती म्हणाली, 'मावशी, तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा, घेऊ नका, सोडा.' मी सोडला. पाण्याने मला उचलून धरलं. पाय तळाला नव्हते आणि भीतीही नव्हती, असे चार-पाच क्षण. माझ्या वर्षाच्या पानावर मी ती तारीख सगळ्यात वर लिहिली आहे, द्राक्षाच्या उत्पन्नाच्याही वर.

आता तुला न आवडणारं सांगते, कारण ते सांगितलं नाही तर हे पत्र नुसती समजूत घालणं होईल. फेब्रुवारी ते एप्रिल तू तीन टेस्ट सिरीज बदललीस. कुणी टेलिग्रामवर काही टाकलं की ते उतरवून घेत होतीस. फोन भरला, पण एकही गोष्ट दोनदा वाचून झाली नाही. तेव्हा आई आजारी नव्हती आणि पाऊसही नव्हता. तो तुझा पाला होता, आणि शेंडा वेळेत मारला गेला नाही. मीही तेव्हा तुला अडवलं नाही, हे माझ्या वहीत लिहायला हवं. ते दोन मार्क कुठे गेले असं मला कुणी विचारलं तर मी याच तीन महिन्यांकडे बोट दाखवीन. हे तू स्वतःच्या अक्षरात, तारखेनिशी लिही. 'नशीब' असं लिहू नकोस. आणि ऑगस्टच्या पानावर 'अभ्यास झाला नाही' एवढंच लिहू नकोस, तिथे ढग होते असं लिही.

हे सगळं उद्या रात्री बाराच्या फटाक्यांत बसून करू नकोस. दोन-तीन दिवस घे. फोनमधले फोटो तारखेवार काढ, बँकेतून गेलेले पैसे बघ. ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता चहाचे दहा रुपये गेलेले दिसतील, तेव्हा तू कुठे होतीस ते आपोआप आठवेल. एका महिन्याला एक पान दे. पहिल्यांदा काय केलंस ते लिही. कुठून मागे वळलीस आणि का, ते लिही. स्टेटसला टाकायचं म्हणून लिहायला बसलीस तर हात आपोआप घडच मोजायला लागतो, म्हणून हे कुणाला दाखवायचं नाही असं ठरवूनच बस. मला दाखवलंस तर चालेल.

रविवारी, ४ तारखेला, बागेवर ये. रात्रीची थंडी फार आहे. भाऊ पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबक सुरू करतो. मण्यांत अजून पाणी उतरलेलं नाही, चाखायला गेलीस तर दात आंबतील. पण त्या चार काड्यांतून जे घड आलेत ते यंदा भाऊ एकेक हात लावून सांभाळतोय. ते तुला दाखवायचे आहेत. आईला विचारलंय म्हणून सांग, टाके नीट भरले का तेही कळव.

निमाणीवरून सकाळी साडेआठची दिंडोरीची गाडी पकड. मी घ्यायला येणार नाही. फाट्यावर उतरलीस की रस्ता तुला माहीत आहे.

तुझी,
बाई