गळतो तेवढाच पाइप बदलावा की घरातली सगळी जुनी लाइन?

सगळी बदला. एक एल्बो (पाइपच्या वळणावरचा जोड) बदलला की महिन्याभरात शेजारचा गळतो, आणि टाइल्स दर वेळी नव्यानं फुटतात.

इमारत १९८८ची, सकाळचं पहिलं पाणी तांबूस आणि सिंकमध्ये धार करंगळीएवढी, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्येही हेच चालायचं. आमचे मेहुणे बांधकामातले. त्यांचं एकच पालुपद: "अहो, सी क्लासचं जीआय आहे, तुम्ही जाल पण ते जाणार नाही. प्लास्टिकच्या नादी लागू नका, प्रेशरचा पंप बसवा." जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, आणि सी क्लास त्यातला सगळ्यात जाड. घरात त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? पंप बसला आणि थोड्याच दिवसांत बाथरूमच्या भिंतीतला एल्बो आट्यांपाशी फुटला. आटे पाडताना पाइपची जाडी कमी होते आणि जस्तही निघतं, त्यामुळे गंज तिथूनच खातो. खालच्या काकूंच्या बेडरूमला ओल आली आणि बोलणी आम्ही खाल्ली.

प्लंबरनं कापून काढलेला अर्धा इंची पाइपचा तुकडा बाहेरून ठणठणीत होता. आत मात्र गंजाच्या गुठळ्या, पेन्सिलसुद्धा आरपार जाईना. तो तुकडा मी धुऊनपुसून शोकेसमध्ये ठेवलाय. मेहुणे दिवाळीला आले की त्यांची खुर्ची बरोबर त्याच्यासमोर मांडतो.

आम्ही सगळीकडे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप, टाकला. तो ९३ अंश सेल्सिअसपर्यंतचं पाणी सोसतो. पांढरा यूपीव्हीसी, हाही प्लास्टिकचाच, फक्त गार पाण्याला; "चालतंय की" म्हणत गरम लाइनला तोच लावणारा प्लंबर दारातूनच परत पाठवा. नळ-गिझरच्या जोडाला पितळी आट्यांचे फिटिंग घ्या. प्लास्टर करण्याआधी लाइनला हातपंपानं प्रेशर देऊन रात्रभर ठेवा, आणि भिंतीतल्या खाचा बुजवण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढा.

खर्चाचं विचारलंत, पण पाइप-फिटिंगपेक्षा तोडफोड आणि टाइल्सच महाग पडतात, ते तुमच्या घरावर आहे.

हो, फोडाफोडीआधी वरच्या-खालच्या घरांत विचारा. त्यांच्याकडेही धार बारीक असेल तर गच्चीवरून येणारी कॉमन लाइन तुंबलेली असू शकते, तो खर्च सोसायटीचा. आणि इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा. जुन्या घरांत अर्थिंगची वायर कधीकधी याच लोखंडी पाइपला बांधलेली असते. मध्ये प्लास्टिक आलं की अर्थिंग गेलं, आणि गिझर त्यावरच असतो. मेहुण्यांचा प्लास्टिकविरुद्धचा हा एवढाच मुद्दा मी मान्य करीन, पण तो त्यांनी कधी काढलाच नाही.