सात फुटांची पाणंद आणि चोवीस लाखांची गाडी

रत्नागिरीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. दोघांचा मिळून हातात येणारा पगार सव्वा लाख. घराच्या कर्जाचा हप्ता २८ हजार, तो अजून नऊ वर्षं चालेल. बँकेत ११ लाखांची मुदत ठेव आहे. राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित हापूसची २२० कलमं आहेत, चांगल्या वर्षी खर्च वजा जाता अडीच लाख सुटतात. बागेपर्यंतचा शेवटचा किलोमीटर कच्चा आहे. वाटेत एक पऱ्या (पावसाळी ओढा) आणि पुढे १२० मीटरचा चढ. पावसात आमची जुनी स्विफ्ट तो चढत नाही, गाडी खाली लावून आईला हाताला धरून वर न्यावं लागतं. म्हणून फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी गाडी) घ्यायचं ठरवलं आहे. स्कॉर्पिओ-एन आवडली, रस्त्यावर येईपर्यंत २४ लाख. थार रॉक्स साडेएकवीस, जिम्नी १४ लाख ६० हजार. स्विफ्टचे तीन लाख येतील, ठेवीतले पाच मोडू आणि उरलेल्या १६ लाखांचं सात वर्षांचं कर्ज काढू. बागेच्या उत्पन्नातून हप्त्याला हातभार लागेल. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला आहे. निर्णय बरोबर आहे का?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आईंना हाताला धरून चढ चढवावा लागतो हे वाचल्यावर फोर बाय फोरची गरज आहे की हौस, हा प्रश्नच उरला नाही. गरज आहे. मात्र ती गरज १४ लाख ६० हजारांत भागते, आणि वरच्या जवळपास साडेनऊ लाखांत तुम्ही जे विकत घेताय त्याचा त्या चढाशी फारसा संबंध नाही.

आधी तो चढ बघू. ओल्या जांभ्याच्या मातीत गाडी वर न्यायची तर दोन गोष्टी लागतात. चारही चाकांना ओढ मिळायला हवी, आणि चाकं सावकाश पण ताकदीने फिरायला हवीत. दुसरी गोष्ट लो रेंज गिअरमुळे मिळते, म्हणजे फोर बाय फोर गाडीत वेगळा निवडायचा असतो तो ४एल. त्यात इंजिनाचा जोर वाढून चाकांपर्यंत पोचतो, आणि उतरताना ब्रेकला फारसा पाय न लावता गाडी इंजिनावरच धरून राहते. चिखलात ब्रेक दाबला की गाडी घसरते, त्यामुळे उतरताना त्याची किंमत जास्त कळते. जिम्नी, रॉक्स फोर बाय फोर आणि स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, तिघींमध्ये लो रेंज आहे. ग्रँड विटारा ऑलग्रिप तुमच्या यादीत नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तिच्यात चारही चाकांना ओढ मिळते, लो रेंज मात्र नाही. निसरड्या डांबरी रस्त्याला ती छान, तुमच्या चढासाठी नको.

आता गाड्यांमधला फरक. स्कॉर्पिओ-एनचं डिझेल इंजिन मॅन्युअलमध्ये ३७० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतं, जिम्नीचं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन १३४. कागदावर हा सामना एकतर्फी वाटतो. पण जिम्नीचं वजन जेमतेम १२०० किलोच्या घरात आहे. हलकी गाडी चिखलात कमी रुतते, आणि लो रेंजमध्ये १३४ सुद्धा त्या वजनाला पुरतात. शिवाय जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे. शेवटी गाडीला धरून ठेवतात ते टायर. काही वर्षांपूर्वी लांज्याजवळ एका नातेवाइकांच्या बागेत मी ऐन जुलैत मोठ्या फोर बाय फोरमध्ये बसलो होतो. टायर गुळगुळीत झाले होते. चारही चाकं फिरत होती आणि गाडी हळूहळू मागे, गडग्याकडे (चिऱ्यांच्या कुंपणाकडे) सरकत होती. चिऱ्याला बंपर टेकला तेव्हा थांबली. कोणतीही गाडी घ्या, जूनच्या आधी टायरची नक्षी बघायची सवय लावा.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज आलं आहे: "दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आहेत, मधे सातेक फूट पाणंद." मला वाटतं सगळ्या पत्रात हेच वाक्य निर्णयाला सर्वात जवळचं आहे. सात फूट म्हणजे २१३४ मिलिमीटर. स्कॉर्पिओ-एनची रुंदी आरसे सोडून १९१७. दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार बोटं जागा उरते, तीही गडगा सरळ असेल आणि एकही चिरा बाहेर आला नसेल तर. रॉक्स १८७० आहे, फार फरक नाही. जिम्नी १६४५. दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी. पावसात मागचं चाक जरा बाजूला घसरलं तर ही वीतच उपयोगी पडते. चोवीस लाखांच्या गाडीला पहिल्याच श्रावणात चिऱ्याचा ओरखडा पडला तर तुम्हाला किती वाईट वाटेल, याचाही विचार करा.

जिम्नीची उणी बाजूही सांगतो. चारच माणसांची गाडी आहे, पाचवं माणूस बसवायचं नाही. मागची सीट उभी असताना सामानाला २०८ लिटर जागा, म्हणजे चार माणसं आणि चौघांच्या बॅगा एकाच वेळी मावणार नाहीत. आंबा घाटात चौघं बसून वर जाताना गिअर सारखा खाली टाकावा लागेल. हायवेवर आवाज येतो. पुण्याला महिन्यातून चार वेळा जाणाऱ्या माणसाला मी जिम्नी सुचवली नसती. तुम्ही चौघं आहात, मुलगी दीड वर्षात शिकायला बाहेर पडेल, आणि आंब्याच्या पेट्या पिकअपने जातात असं तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्या घराला ती बसते.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे शोरूममध्ये कुणी लक्ष वेधत नाही. तुम्ही रोज घर ते शाळा चार किलोमीटर गाडी चालवता. बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांतल्या) डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला त्याला बराच वेळ सलग, तापलेल्या इंजिनाची धाव लागते. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती मिळत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गॅरेजच्या खेपा सुरू होतात. डिझेल स्वस्त पडेल म्हणाल तर हिशेब करून बघा. वर्षाला ९,००० किलोमीटर, जिम्नी लिटरला १४ आणि स्कॉर्पिओ-एन १३ देते असं धरू, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये. पेट्रोलचे सुमारे साडेसदुसष्ट हजार, डिझेलचे पावणेचौसष्ट. वर्षाकाठी वाचतात चार हजारांपेक्षा कमी. त्यासाठी वर साडेनऊ लाख घालायचे नसतात.

हे साडेनऊ लाखही सगळेच गाडीत जात नाहीत. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रस्ता कर १२ टक्के, डिझेलला १४. शोरूम किंमत वीस लाखांच्या वर गेली की डिझेलला १५. स्कॉर्पिओ-एनचं तुम्ही बघितलेलं मॉडेल वीसच्या आसपासच घोटाळतंय, तेव्हा एखादी सोय वाढवली की कर वरच्या टप्प्यात जातो. नव्या गाडीचा तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनी १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये आणि त्यावर २४,५९६. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा "जिम्नी चार मीटरच्या आत आहे, १८ टक्क्यांत येईल" असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. तसं नाही. पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर असल्याने तीही बाकी दोघींसारखी ४० टक्क्यांतच आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (आगाऊ आयकर) घेतो, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरताना वजा करून घ्यायला विसरू नका. बागेच्या नावाने गाडीचा खर्च दाखवून कर वाचेल का, असं तुम्ही विचारलं आहे. बागेच्या उत्पन्नावर थेट कर लागत नाही, पगारावरच्या कराचा दर ठरवताना तेवढं ते धरलं जातं; त्यामुळे तिथे वाचवण्यासारखं फारसं नाही.

आता हप्ता. १६ लाख, सात वर्षं, ९ टक्के धरले तर महिन्याला सुमारे २५,७४० रुपये. घराचे २८ हजार मिळवले की ५३,७४०, म्हणजे पगाराचे ४३ टक्के. सात वर्षांत व्याज ५ लाख ६२ हजार. जिम्नी घेतलीत, स्विफ्टचे तीन आणि ठेवीतले पाच घातले, तर कर्ज उरतं ६ लाख ६० हजारांचं. पाच वर्षांना हप्ता १३,७००, व्याज १ लाख ६२ हजार. दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात राहतात, आणि मुलीच्या महागड्या वर्षांतच महिन्याला बारा हजार मोकळे राहतात. मला तुमच्या योजनेत खरी भीती वाटली ती इथे. बारावीनंतरची चार वर्षं आणि गाडीच्या हप्त्याची सात वर्षं एकमेकांवर चढतात.

"बागेतून हातभार लागेल" हे वाक्य कृपया कागदावरून खोडा. मोहोर आल्यावर थ्रिप्स (फुलकिडे) आले किंवा फेब्रुवारीत अवकाळी पडला की अडीच लाखांचे पन्नास हजार होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. बागेचा पैसा आला की मेअखेर कर्जात भरा, हप्ता मात्र पगारातूनच बसला पाहिजे. त्यासाठी सही करण्याआधी बँकेला विचारा की मुदतीआधी पैसे भरले तर दंड किती. वाहनकर्ज बहुतेक वेळा स्थिर व्याजाचं असतं आणि त्याला असा दंड असू शकतो.

ठेव पूर्ण मोडून कर्ज टाळावं का? आकडे तसं सांगतात. ठेवीचं ७ टक्के व्याज २० टक्क्यांच्या करपट्टीत साडेपाचावर येतं आणि कर्जाला तुम्ही ९ देता. तरी मी पाचच लाख मोडायला सांगेन. उरलेले सहा लाख हा तुमचा नापिकीचा आणि आजारपणाचा पैसा आहे. आईंचे गुडघे उद्या शस्त्रक्रियेपर्यंत गेले तर तो हाताशी हवा.

दोन गोष्टी विम्याच्या. पऱ्यातून गाडी काढताना इंजिनात पाणी गेलं तर साधी पॉलिसी इंजिनाचं नुकसान देत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम घ्या. आणि शेजारचे बागायतदार पेटीमागे पैसे देऊन माल पाठवायला तयार आहेत म्हणालात, ते करू नका. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने माल नेताना अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते.

चढाविषयी एक सुचवतो. गवंड्याने १२० मीटरला चाकांपुरते दोन सिमेंटचे पट्टे घालायचे पावणेदोन लाख सांगितलेत, पण तुम्ही तो खर्च "नंतर बघू" म्हणून सोडलाय. मला तो गाडीच्या बरोबरीचा वाटतो. जूनचं खत, जुलै-ऑगस्टचं कलटार (मोहोरासाठी मुळाशी द्यायचं औषध), गणपतीनंतरची बेणणी (गवत-झुडपं काढणं), अशा तुमच्याच हिशेबाने पावसात अठरा-वीस फेऱ्या होतात. फवारणी आणि काढणीच्या वेळी वाट कोरडी असते, तेव्हा तुम्हाला फोर बाय फोरपेक्षा उंची हवी असते. पट्टे झाले तर गड्यांची मोटरसायकल आणि पेट्यांचा पिकअपही वरपर्यंत जाईल. वाट सामाईक आहे, तेव्हा भावकीची संमती आधी लेखी घ्या आणि मगच खडी टाका. वाचलेल्या साडेनऊ लाखांच्या कर्जाचं ओझं डोक्यावर नसेल तर हे पावणेदोन लाख पुढच्या एक-दोन हंगामांतून उभे राहतील.

जिम्नीचं झेटा मॅन्युअल पुरेसं आहे. तिला आपल्याकडे थार-स्कॉर्पिओएवढी मागणी नाही, म्हणून विकताना भाव थोडा पडतो; पण त्याच कारणाने घेताना सूटही मिळते, ती मागून घ्या. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते चासी नंबरवरून विचारा, आठ महिने यार्डात उभी असेल तर आणखी कमी करायला सांगा. सुट्या भागांची काळजी करू नका. हीच पाच दारांची जिम्नी भारतात बनून जपानला जाते, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथे चार दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागण्या आल्यावर सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली होती.

बुकिंगच्या आधी एक रविवार काढा. शोरूमला सांगून गाडी थेट राजापूरला, बागेच्या वाटेवर मागवा. ते कुरकुर करतील, तुम्ही आग्रह सोडू नका. कोरड्या डांबरावर २एचमध्ये (दोनच चाकांना ओढ), कच्च्यात शिरल्यावर ४एच (चारही चाकांना ओढ, नेहमीच्या गिअरमध्ये) आणि चढाच्या पायथ्याशी थांबून ४एल. डांबरावर परतताना पुन्हा २एच, नाहीतर गिअरपेटीवर विनाकारण ताण येतो. आईंना सोबत न्या आणि पुढच्या सीटवर बसवा. दार उघडून त्या स्वतः चढतात का, कुठे हात धरतात, उतरताना पाय जमिनीला कसा टेकतो, ते नीट बघा. पायरी लावावी लागली तर तिथेच ठरवा आणि तिचा भाव कोटेशनमध्ये घालून घ्या. तिन्ही गाड्यांत त्यांना चढायला सर्वात सोपी कोणती वाटली, ते मला पुढच्या पत्रात जरूर कळवा.