पुरवणी मागण्या : मागतं कोण, देतं कोण?

एका वाचकाने विचारलंय : “2025च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने 57 हजार 509 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या, असं वाचलं. मागण्या तर मोर्चेकरी करतात, आमदार करतात. सरकार कुणापुढे हात पसरतंय? आणि कपात सूचना देणारा आमदार खरोखर पैसे कापायला निघालेला असतो का?”

हात पसरलेलाच आहे, आणि तो विधानसभेपुढे. राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च करायचा, तर संविधानाच्या अनुच्छेद 203प्रमाणे सरकारला ‘अनुदानाच्या मागण्या’ विधानसभेत मांडाव्या लागतात. विधानसभा त्या मान्य करील, नाकारील किंवा रक्कम कमी करील. एक रुपयाही वाढवू शकत नाही. (विधान परिषदेत चर्चा होते, मत नाही.) तेव्हा हे ‘अनुदान’ बियाण्यांचं किंवा शाळेचं नव्हे. इथे घेणारं सरकार आणि देणारं सभागृह. लग्नात ‘मागणी घालतात’ त्याच अर्थाची ही मागणी, समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक असलेली. फक्त इथे ‘नाही’ म्हटलं तर सरकारच धोक्यात येतं, म्हणून सत्ताधारी बाकांवरून तो शब्द कधी ऐकू येत नाही.

घोळ होतो तो चर्चेत. “अध्यक्ष महोदय, पुरवणी मागण्यांवर बोलण्यासाठी मी उभा आहे. पान क्रमांक अमुक, बाब क्रमांक अमुक...” अशी सुरुवात होते आणि दोन मिनिटांत भाषण तालुक्याच्या रखडलेल्या पुलावर आणि ग्रामीण रुग्णालयाच्या रिक्त पदांवर जातं. सरकारची मागणी तपासायला उभा राहिलेला आमदार स्वतःच मागणी करून खाली बसतो. मतदारसंघाचं गाऱ्हाणं मांडू नये असं कोण म्हणेल? पण ‘ही बाब मार्चमध्ये, अर्थसंकल्प मांडताना का सुचली नव्हती?’ हा प्रश्न मग राहूनच जातो. विरोधी पक्षातले जाणते आमदार नेमकं तेच विचारतात, कारण ‘पुरवणी’ म्हणजे कमी पडलेलं पुरवणारी. 2024मध्ये जूनअखेर अर्थसंकल्प मांडला आणि दोन आठवड्यांच्या आत 94 हजार 889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. इतक्या लवकर इतकं कमी पडत असेल, तर मूळ अंदाजालाच काय अर्थ राहिला, हा त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. केंद्राच्या योजनांमधला राज्याचा हिस्सा, अतिवृष्टीची मदत ही कारणं खरी असतात. पण सगळ्या बाबी तशा नसतात.

आता कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असं सुचवणारा प्रस्ताव. लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयापर्यंत खाली आणा, असं सुचवायचं. काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम वजा करा. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची तर फक्त शंभर रुपये कमी करा. शंभर रुपयांनी कुठल्याच खात्याचं काही अडत नाही. त्या निमित्ताने मंत्र्याला उभं करून उत्तर घ्यायचं, हा तिचा उपयोग. त्यामुळे ‘निधी कापण्याचा आमदारांचा प्रयत्न’ असा मथळा दिसला, तर तो तीनपैकी कुठल्या सूचनेबद्दल आहे, ते आधी पाहावं.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत याच वर्गातला आणखी एक शब्द भेटेल : ‘दत्तमत’. ज्यावर सभागृह मत देतं तो खर्च दत्तमत. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचं व्याज हा ‘भारित’ खर्च. त्यावर बोलता येतं, मत देता येत नाही.

वाक्यात वापरताना सरकार मागण्या ‘मांडतं’ किंवा ‘सादर करतं’, अध्यक्ष त्या ‘मतास टाकतात’ आणि सभागृह ‘मंजूर करतं’. ‘सरकारने पुरवणी मागण्या मंजूर केल्या’ असं बातमीत छापलेलं असतं, ते चूक आहे. आणि ‘लेखानुदान’ म्हणजे पुरवणी मागणी नव्हे. वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंत काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ दिलेली ती परवानगी.