नव्या लॅपटॉपवर विंडोज 11 सोबत आलेली नको ती ॲप्स कायमची कशी काढायची? डिब्लोट स्क्रिप्ट चालवावी का?

डिब्लोट स्क्रिप्ट, म्हणजे नको ती ॲप्स एका झटक्यात काढणारा तयार कोड, चालवू नका. ज्या लॅपटॉपवर मुलीचं कॉलेजचं काम चालणार आहे त्यावर तर नकोच. तुम्ही दिलेल्या यादीतलं जवळजवळ सगळं हातानेच निघतं, एका दुपारचं काम आहे.

तुमची यादी अशी: स्टार्ट मेनूत इन्स्टाग्राम, स्पॉटिफाय, सॉलिटेअर, कोपऱ्यातून दर तासाला उठणारा ट्रायल अँटिव्हायरस, लॅपटॉप कंपनीची चार-पाच ‘असिस्टंट’ ॲप्स, आणि ‘जागा संपली’ म्हणणारं वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण). वर, काढलेली ॲप्स मुलीच्या खात्यात परत आली. मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे. नवं मशीन घेऊन येणारं गिऱ्हाईक ही सगळी रड एका दमात सांगतं, पण या चारही भानगडी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

काहीही उडवायच्या आधी ऑफिसचं बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपसोबत ऑफिसचा कायमचा परवाना येतो आणि लोकांना ते माहीतच नसतं. वर्ड उघडा, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा आणि ॲक्टिव्हेट करून टाका. त्याला मुदत असते, म्हणून टाळू नका. परवाना एकदा खात्याला जोडला गेला की पुढे विंडोज पुन्हा टाकलं तरी ऑफिस त्या खात्यातून उतरवता येतं. ‘हे तर ट्रायलच असणार’ म्हणून ऑफिस उडवलेली आणि मग बाजारातून नवं विकत घ्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता वनड्राइव्ह. इथे घाई केली तर फायली हरवल्यासारख्या होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट खातं टाकलंत की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हच्या पोटात हलवले जातात. फुकटची जागा 5 जीबी. लग्नाच्या एका अल्बममध्ये ती भरते आणि मग तगादा सुरू होतो. अशा वेळी वनड्राइव्ह थेट अनइन्स्टॉल केलं, तर ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, फक्त नावं दिसत असतात. म्हणून आधी वनड्राइव्हच्या फोल्डरमधलं सगळं सिलेक्ट करा, राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळीकडे हिरवी खूण येईपर्यंत थांबा. मग टास्कबारवरच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, तिथे ‘सिंक अँड बॅकअप’, त्यात ‘मॅनेज बॅकअप’, आणि तिन्ही फोल्डर बंद. यानंतर डेस्कटॉप रिकामा दिसला आणि त्यावर ‘व्हेअर आर माय फाइल्स’ असा शॉर्टकट दिसला तर घाबरू नका. फायली अजून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच आहेत. त्या कट करून जागच्या जागी आणा. सगळं जागेवर आहे याची खात्री झाली की ‘अनलिंक धिस पीसी’ करा आणि मग सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून वनड्राइव्ह काढा.

अँटिव्हायरस काढल्यावर सगळ्यात जास्त फरक पडेल. ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून काढा, रीस्टार्ट करा. तरीही शेपूट उरलं तर त्याच कंपनीच्या साइटवरून तिचं स्वतःचं रिमूव्हल टूल उतरवा. मोठ्या अँटिव्हायरस कंपन्या ते देतात. मग मशीन उघडं पडेल का? नाही. दुसरा अँटिव्हायरस गेला की विंडोजमधला डिफेंडर आपोआप कामाला लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून हिरवी खूण बघा आणि विषय संपवा.

लॅपटॉप कंपनीच्या ॲप्समध्ये मात्र निवड करावी लागते. बायोस (विंडोजच्या आधी जागं होणारं, मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (वायफाय, डिस्क असे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करणारं एक ठेवा. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय ज्यात आहे तेही ठेवा, लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असेल तर ते उपयोगाचं आहे. ‘हॉटकी’ असं काही दिसलं तर हात लावू नका, नाहीतर ब्राइटनेसची बटणं चालेनाशी होतील. बाकी रजिस्ट्रेशन, ऑफर्स, वॉरंटी वाढवा असं म्हणणारं सगळं खुशाल काढा. क्वचित कंपनीचं सॉफ्टवेअर बायोसमधूनच परत बसतं. विंडोजमध्ये त्यासाठी अधिकृत सोयच आहे. 2015 मध्ये लेनोवोच्या ‘सर्व्हिस इंजिन’चा यावरूनच बोभाटा झाला होता: विंडोज कोरं टाकलं तरी ते परत हजर व्हायचं. शेवटी कंपनीला ते बंद करणारं बायोस अपडेट द्यावं लागलं. काढलेलं ॲप रीस्टार्टनंतर परत येत असेल तर बायोसच्या सेटिंग्जमध्ये त्या नावाचा पर्याय शोधा.

राहिली स्टार्ट मेनूतली ॲप्स. त्यातली काही तर इन्स्टॉलही झालेली नसतात, नुसतं चिन्ह चिकटवलेलं असतं आणि क्लिक केल्यावर ॲप उतरतं. राइट क्लिक, अनइन्स्टॉल किंवा अनपिन. मुलीच्या खात्यात ती परत का आली? विंडोज अशी ॲप्स दोन ठिकाणी ठेवतं: एक प्रत तुमच्या खात्यात आणि एक गोदामात. तुम्ही तुमची प्रत टाकून दिलीत. नवं खातं उघडलं की गोदामातून नवी निघते. म्हणून सोपा उपाय म्हणजे घरात जेवढी खाती लागणार तेवढी आधी उघडा आणि प्रत्येकात एकदा साफसफाई करा. गोदामच रिकामं करायचं असेल तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडावं लागतं. ‘गेट-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’ (Get-AppxProvisionedPackage) ही आज्ञा यादी दाखवते आणि ‘रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’ (Remove-AppxProvisionedPackage) काढते. दोन्ही टाइप करायच्या इंग्रजी अक्षरांत, आणि दोन्हींना पुढे ‘-ऑनलाइन’ (-Online) जोडायचं. एका वेळी एकच नाव द्या, पूर्ण द्या. स्टार टाकून सरसकट काढू नका. असं काढलेल्या ॲपची विंडोज नोंद ठेवतं, त्यामुळे मोठ्या अपडेटनंतरही ते सहसा परत येत नाही.

सूचना आणि जाहिराती बंद करायच्या तर सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’मधलं ‘स्टार्ट’ उघडून शिफारशी बंद करा, आणि ‘नोटिफिकेशन्स’च्या अगदी तळाशी ‘ॲडिशनल सेटिंग्ज’मधल्या खुणा काढा. दोन मिनिटांचं काम.

आता काय काढू नये. मायक्रोसॉफ्ट स्टोअर काढू नका. ‘वेबव्ह्यू 2’ काढू नका: नवं आउटलुक, टीम्स, विजेट्स त्यावर चालतात. एज ब्राउझरचं म्हणाल तर युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे 2024 पासून ते रीतसर अनइन्स्टॉल करता येतं, आपल्याकडे नाही. ही लढाई जुनीच आहे. 1998 साली अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं तेव्हाही इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजमधून वेगळा काढता येतो की नाही यावर घमासान झालं होतं. तुम्ही ती घरी लढू नका. क्रोम किंवा फायरफॉक्स डिफॉल्ट करा, एज एका कोपऱ्यात पडून राहील.

आणखी एक, खास आपल्यासाठी. ‘ऑप्शनल फीचर्स’च्या यादीत ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ दिसलं तर ते राहू द्या. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट त्यात आहेत. विंडोजची स्वतःची देवनागरी निर्मला फॉन्टवर चालते, त्यामुळे ते काढल्यावर लगेच काही बिघडल्यासारखं वाटत नाही. पण मंगलमध्ये टाइप केलेला एखादा अर्ज किंवा प्रकल्पाची फाइल उघडली की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, एका पानाची दोन पानं होतात आणि सायबर कॅफेवाल्याला शिव्या बसतात. तुमच्याकडे ते यादीत नसेल तर उलट टाकून घ्या.

स्क्रिप्टला माझा विरोध असायचं कारण हेच. काही स्क्रिप्ट प्रामाणिक आहेत, कोड उघडा आहे, ज्याला वाचता येतो त्याने खुशाल वापराव्यात. पण व्हिडिओत दाखवतात ती एक ओळ इंटरनेटवरून कोड उतरवून ॲडमिनच्या हक्काने तिथल्या तिथे चालवते. तिने काय काय बंद केलं हे सहा महिन्यांनी प्रिंटर चालेनासा झाल्यावर कळतं, आणि तोवर व्हिडिओही आठवत नसतो. दुसऱ्या कुणीतरी छाटून अपलोड केलेलं ‘लाइट’ विंडोज तर नकोच नको. त्यात काय काढलंय यापेक्षा काय घातलंय याची मला जास्त धास्ती वाटते.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून अस्सल विंडोज 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन नव्याने टाका. विंडोजची ‘प्रॉडक्ट की’ (परवान्याचा क्रमांक) शोधायची गरज नाही, ती लॅपटॉपच्या बायोसमध्येच असते. मात्र आधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: फायलींचा बॅकअप, वायफायचा ड्रायव्हर, आणि इंटेलचा लॅपटॉप असेल तर कंपनीच्या साइटवरून स्टोरेजचा ड्रायव्हर. हा शेवटचा नसला तर इन्स्टॉल करताना कधीकधी डिस्कच दिसत नाही आणि लोकांना वाटतं एसएसडी गेली.

वेगाबद्दल जास्त आशा ठेवू नका. सॉलिटेअर काढून मशीन पळत नाही. ते उघडल्याशिवाय रॅम खात नाही. खातात ती सुरुवातीलाच उठणारी ॲप्स. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप ॲप्स’ उघडा आणि नको ती डिसेबल करा. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ बघा. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’समोर ‘1 ऑफ 2’ दिसत असेल तर मॉडेल नंबर इथे खाली टाका, रॅमची कोणती 8 जीबीची पट्टी बसेल ते सांगतो.